फ्लुरोसंट डायचा पीएच मीटरशी जुळत नाही, दरवर्षीचं दुखणं आणि काय काय तपासायचं

पाण्यात चमकणारा रंग, म्हणजे फ्लुरोसंट डाय, टाकायचा आणि त्याच्या चमकेवरून पाण्याचा पीएच काढायचा, असा हा प्रोजेक्ट. सीझन आला की हाच प्रश्न येतो, फक्त विचारणारी पोरं बदलतात. "सर, बफरमध्ये (ठरलेला पीएच धरून ठेवणाऱ्या द्रावणात) करेक्ट येतंय, पण विहिरीच्या पाण्यात मीटर ७.९ दाखवतोय आणि आपला डाय ७.४ वरच अडकलाय." नाहीतर "सकाळी बरोबर होतं, दुपारी आपोआप घसरलं." आणि तिसरा ठरलेला, "डाय डुप्लिकेट आलाय बहुतेक, व्हिनेगरमध्ये टाकला तरी हिरवाच चमकतोय." सांगली-मिरजेतल्या पोरांचे डबे बघून बघून आता पाठ झालंय, सेटअप सगळ्यांचा सारखाच असतोय: निळी नाहीतर जांभळी एलईडी, तिच्या काटकोनात फोटोडायोड, मध्ये पिवळा जिलेटिन पेपर, एक आर्डुइनो आणि आतून काळा रंग मारलेला डबा. डबा बहुतेक वेळा बरा असतो. गडबड दुसरीकडंच असते.

आधी बाटलीवरचं लेबल नीट वाचा. फ्लुरोसीन, युरानिन आणि पायरानिन ही नावं पोरं एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात. युरानिन म्हणजे फ्लुरोसीनचंच सोडियम सॉल्ट, पाण्यात पटकन विरघळतं. नुसतं फ्लुरोसीन आणलंत तर ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, तळाला बसतं, आणि मग रोज वरचं पाणी काढून वापरलं की रोज वेगळा स्टॉक (डायचं तयार करून ठेवलेलं द्रावण). पायरानिन हा तर वेगळाच रेणू आहे, त्याचे नियम वेगळे. फ्लुरोसीनचा कामाचा पीकेए (म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) ६.४ च्या आसपास, पायरानिनचा ७.३ च्या आसपास, आणि कुठलाही डाय आपल्या पीकेएच्या एक युनिट खाली-वर एवढ्यातच भरवशाचा. त्याच्या बाहेर तो गप्प होतो. पीएच ४ चा नमुना पायरानिननं मोजायला निघालात तर डायला बोल लावू नका.

आता तो हिरवा चमकणारा व्हिनेगर. डाय ओके आहे, परत करायला जाऊ नका. पायरानिन नुसता बसलेला असताना आपला प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही, पण प्रकाश गिळला रे गिळला की तोच रेणू तगडं आम्ल होतो, पीकेए सातावरून एकदम एकाच्या आसपास येतो, आणि घेतलेला प्रकाश परत टाकायच्या आत, म्हणजे सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागाच्या आसपास, प्रोटॉन शेजारच्या पाण्याला देऊन मोकळा होतो. म्हणजे बाहेर येतो तो उजेड जवळपास कायम प्रोटॉन गेलेल्या रूपाचाच, ५१० नॅनोमीटरचा हिरवा, मग पाणी आंबट असो नाहीतर अल्कधर्मी. त्यामुळं बाहेर पडणाऱ्या रंगात पीएच शोधून काही हाती लागत नाही. पीएच लपलाय तो डाय कुठला प्रकाश खातो यात. प्रोटॉन असलेलं रूप ४०५ च्या जांभळ्या प्रकाशावर पेटतं, प्रोटॉन गेलेलं रूप ४५५-४६० च्या निळ्यावर.

घरी बघायचं असेल तर पिवळ्या हायलायटरची शाई घ्या, बऱ्याच पिवळ्या हायलायटरमध्ये पायरानिनच असतो. दोन ग्लासात पाणी, दोन्हीत शाईचा एकेक थेंब, एकात चमचाभर व्हिनेगर आणि दुसऱ्यात खायचा सोडा. खोलीत अंधार करून जांभळी एलईडी धरली की दोन्ही ग्लास हिरवे. तेच निळी एलईडी धरली की सोड्याचा ग्लास झगझगीत आणि व्हिनेगरचा जवळपास मेलेला. हे एकदा डोळ्यानं बघितलं की पुढचं सगळं समजतं. मोजायला मात्र ही शाई वापरू नका, त्यात अजून काय काय घातलेलं असतं.

यावरूनच मुख्य मुद्दा येतो, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच मिटतात. एकाच एलईडीवर "किती चमकतंय" एवढंच मोजून पीएच काढू नका. नुसती चमक ही पीएचची जेवढी असते तेवढीच डाय किती पडला याची, क्युवेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक डबी) किती घाण आहे याची, पाणी किती गढूळ आहे याची आणि क्युवेट डब्यात कशी बसली याचीपण असते. दोन एलईडी लावा, ४०५ आणि ४६०, आळीपाळीनं पेटवा, आणि निळ्याच्या रीडिंगला जांभळ्याच्या रीडिंगनं भागा. दोन्ही आकडे एकाच क्युवेटमधले, एकाच मिनिटातले, म्हणून डाय थोडा जास्त पडला तरी दोन्हीकडं सारखाच फरक पडतो आणि भागाकारात उडून जातो. जांभळ्या आणि निळ्या एलईडी कुठंही मिळतात, महाग नाहीत, म्हणून या कामाला मी पायरानिनच सुचवतो.

गुणोत्तरावरून पीएच काढताना पुस्तकातला पीकेए थेट सूत्रात कोंबू नका. पूर्ण आंबट बाजूचं गुणोत्तर ४ च्या बफरमध्ये घ्या, पूर्ण अल्कधर्मी बाजूचं ९.२ च्या, मधले तीन-चार बफर मीटरनं मोजून घ्या आणि एक्सेलमध्ये वक्र बसवा. त्यातून जो मध्यबिंदू निघेल तो तुमच्या डब्याचा, तुमच्या एलईडीचा. तो ७.३ पेक्षा वेगळा आला म्हणून घाबरायचं काही कारण नाही.

फ्लुरोसीनवाल्यांसाठी एक खास खड्डा आहे आणि त्यात जवळपास प्रत्येक जण पडतो. फ्लुरोसीनचं चमकदार रूप ४९० नॅनोमीटरला प्रकाश खातं, पण बाजारात मिळणारी साधी निळी एलईडी असते ४६५ ते ४७० ची. आणि नेमकं ४७० च्या आसपास फ्लुरोसीनचं कमी चमकणारं, आंबट बाजूचं रूपसुद्धा बऱ्यापैकी प्रकाश खातं. ४६० च्या जवळ तर दोन्ही रूपं सारखाच प्रकाश शोषतात. म्हणजे साध्या निळ्या एलईडीवर तुम्ही नेमकी तीच जागा निवडलीत जिथं पीएच बदलला तरी शोषण फारसं बदलत नाही, मग "सेन्सिटिव्हिटीच नाहीये सर" म्हणून आर्डुइनोचा कोड तपासत बसायचं. ४९० च्या जवळची एलईडी शोधा आणि ४४०-४५० ची दुसरी घेऊन गुणोत्तर करा, नाहीतर सरळ पायरानिनवर या.

डाय किती टाकायचा याचा तर कुणी विचारच करत नाही. फ्लुरोसीन जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायरनं १८७१ साली बनवलं आणि १८७७ मध्ये डॅन्यूब नदीचं जमिनीत मुरणारं पाणी जर्मनीतल्याच आखच्या झऱ्यात निघतंय का हे शोधायला ते १० किलो वापरलं गेलं, त्यावर अख्खा झरा हिरवा झाला. आणि आपली पोरं क्युवेटमध्ये स्पॅच्युलाच्या टोकानं पावडर टाकतात. पाणी नारिंगी दिसायला लागलं की समजा लै झालं. एलईडीकडच्या भिंतीपाशीच सगळा प्रकाश खाल्ला जातो, मधोमध फोटोडायोड बघतोय तिथं काही पोचतच नाही. एक सेंटिमीटरच्या क्युवेटला शोषण (ॲब्सॉर्बन्स) ०.०५ च्या आत ठेवायचं, म्हणजे युरानिन लिटरला पाव मिलिग्रॅमच्या आत आणि पायरानिन साधारण एक मिलिग्रॅम. डोळ्याला जेमतेम पिवळसर झाक दिसेल एवढंच. खात्री करायची सोपी पद्धत अशी की नमुना त्याच बफरनं निम्मा पातळ करा. रीडिंग निम्मं झालं तर ठीक, निम्म्यापर्यंत उतरलंच नाही किंवा उलट वाढलं तर डाय जास्त आहे. जास्त डायमध्ये गुणोत्तरपण वाचवत नाही, कारण दोन रंगांचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात खाल्ला जातो.

सकाळी बरोबर, दुपारी घसरलं. इथं तीन संशयित आहेत आणि त्यांना वेगळं करायला महागडं काही लागत नाही. एलईडी चालू ठेवून पाच मिनिटं रीडिंग बघत बसा. घसरलं? मग क्युवेट न काढता नुसतं हलक्या हातानं ढवळा. रीडिंग परत वर आलं तर प्रकाशाच्या वाटेतला डाय जळत होता, ढवळल्यावर ताजा डाय समोर आला. फ्लुरोसीनला हा आजार जास्त, पायरानिन त्यामानानं दमदार. उपाय एकच, एलईडी मोजण्यापुरती पेटवायची, स्टॉक अंबर बाटलीत फॉइल गुंडाळून ठेवायचा. ढवळूनही वर आलं नाही तर एलईडी तापून मंदावलीय का बघा. फ्लुरोसंट ॲक्रिलिकचा एक तुकडा क्युवेटच्या मापाचा कापून घ्या, नेमप्लेट करणाऱ्याकडं कचऱ्यातसुद्धा मिळतो, तो डब्यात ठेवून दोन्ही एलईडींची रीडिंग रोज सुरवातीला आणि मधेमधे घ्या. दोन एलईडी सारख्या वेगानं मंदावत नाहीत, आणि ही एक चूक गुणोत्तर लपवू शकत नाही, उलट दाखवते पीएच म्हणून. एप्रिलमध्ये सांगलीत पत्र्याच्या खोलीत काम करत असाल तर हे नक्की होणार.

तिसरा संशयित बफर. ट्रिसचा बफर वापरत असाल तर त्याचा पीएच दर डिग्रीला ०.०२८ नं खाली जातो. एसी लॅबमध्ये २५ ला बनवला आणि ३८ डिग्रीच्या खोलीत वापरला तर साडेतीन दशांशाहून जास्त गेला की राव, आणि दोष डायला. फॉस्फेटचा बफर याच्या दहाव्या हिश्श्यानं हलतो, कॅलिब्रेशनला तोच घ्या.

आता ती ७.९ आणि ७.४ वाली तक्रार. यात दोन एलईडी, ताजा डाय, योग्य प्रमाण, सगळं बरोबर असूनही फरक राहतो, आणि मजा म्हणजे कृष्णाकाठच्या ज्या रानात उसाला पाणी देऊन देऊन जमीन खारवटलीय तिथल्या बोअरचं रीडिंग मीटरशी जुळतं, आणि ज्या विहिरीचं पाणी गोडं तिथं चुकतं. पोरांना उलटंच वाटतं, खारट पाणी म्हणजे खराब पाणी, तिथं चुकायला हवं. पण पायरानिनच्या अंगावर तीन सल्फोनेट आहेत, म्हणजे तीन ऋण भार आधीच, प्रोटॉन गेला की चार. असा भारी भार असलेला रेणू आजूबाजूला मीठ असलं की निवांत राहतो आणि प्रोटॉन लवकर सोडतो, मीठ नसलं की सोडायला कुरकुर करतो. म्हणजे पीकेए मिठाप्रमाणं सरकतो. भाराचा वर्ग करून वजाबाकी केली की किती सरकणार याचा अंदाज येतो: पायरानिनला १६ वजा ९ म्हणजे ७, फ्लुरोसीनला ४ वजा १ म्हणजे ३. पायरानिनला दुप्पटीहून जास्त त्रास. तुमचा कॅलिब्रेशनचा बफर चांगला दाट मिठाचा, साधारण ०.१ मोलरचा, आणि विहिरीचं पाणी त्याच्या दहाव्या हिश्श्याचं, तर अर्ध्या युनिटच्या आसपास डाय आंबट दाखवणारच. ७.९ चं ७.४ झालं ते असं. खारवटलेल्या बोअरच्या पाण्यात बफरएवढंच मीठ असतं म्हणून तिथं जुळतं, डब्यानं काही चमत्कार केलेला नाही.

उपाय: बफर आणि नमुना दोन्हीत मीठ सारखं करा. लिटरला ५.८ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड म्हणजे ०.१ मोलर, तेवढं विहिरीच्या नमुन्यात घाला. लॅबमधलं मीठ घ्या, किराणा दुकानातलं नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही ना काही घातलेलं असतं. बफर पातळ बनवून त्यातपण मीठ घालून एकूण तेवढ्याच पातळीला आणा, आणि मीठ घातल्यावर बफरचा पीएच मीटरनं परत मोजा, कारण बफर स्वतःपण थोडा हलतो. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर आधी सगळ्या नमुन्यांची कंडक्टिव्हिटी घेऊन ठेवा, कुठला नमुना चुकणार ते पीएच मोजायच्या आधीच कळतं.

आरओच्या पाण्याचं प्रकरण याहून वाईट. तिथं मीठ तर नाहीच, पण बफर करणारंपण काही नाही, त्यामुळं डायचा एक थेंबच पाण्याचा पीएच बदलून टाकतो आणि तुम्ही पाण्याऐवजी डायचा पीएच मोजत बसता. स्टॉकचा पीएच नमुन्याच्या जवळ आणून ठेवायचा, आणि एकदा एक थेंब, मग त्याच नमुन्यात दुसरा थेंब टाकून दोन रीडिंग घ्यायची. दुसऱ्या थेंबानं जेवढं सरकलं तेवढंच पहिल्यानंपण सरकवलं असं धरून मागं जायचं. आणि उघड्यावर ठेवलेलं डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ५.६ च्या आसपास येतंच, ते ७ दाखवत नाही म्हणून कुणी हैराण होऊ नका. बोअरच्या पाण्याचं याच्या उलट, जमिनीखालून येताना त्यात कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो, बाटली उघडी ठेवली किंवा जोरात ढवळलं की तो उडतो आणि पीएच चढत जातो. मीटरनं सकाळी विहिरीवर मोजलं आणि डायनं दुपारी लॅबमध्ये, तर ती दोन वेगळी पाणी झाली. बाटली काठोकाठ भरून आणा आणि मीटर आणि डाय एकाच वेळी वापरा.

आणि एक, मीटर म्हणजे देव नाही. कमी मिठाच्या पाण्यात काचेचा इलेक्ट्रोडसुद्धा मिनिटभर भटकत राहतो. वाद झाला तर आधी मीटर ७ च्या बफरमध्ये बुडवून बघा.

ब्लँक (म्हणजे रीडिंगमधून वजा करायचं शून्याचं माप) डिस्टिल्ड पाण्याचा घेऊ नका, त्याच नमुन्याचा घ्या, डाय न टाकता. कृष्णेचं पावसाळ्यातलं पाणी गढूळ, त्यातून निळा प्रकाश विखरून जिलेटिन पेपरमधून पार होतो आणि चमक म्हणून मोजला जातो, शिवाय कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे सेंद्रिय पदार्थ जांभळ्या प्रकाशात स्वतःच चमकतात. कपड्याच्या पावडरीनं क्युवेट धुतली असेल तर तिच्यातला ब्राइटनरपण निळा पेटतो. पाणी आधी फिल्टर पेपरमधून काढा, काचसामान साध्या लॅब डिटर्जंटनं धुवा.

संदर्भ म्हणून दुसरा डाय घालायचा सल्ला कुठंतरी वाचून पोरं रोडामिन बी घालतात. त्याची चमक दर डिग्रीला दोन टक्क्यांच्या आसपास पडते आणि तो प्लॅस्टिकला चिकटतो. थर्मामीटर बनवायचा असेल तर छान आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं करणाऱ्यांनी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर अंधार झाला की फोन स्वतःच उजेड वाढवतो आणि सगळे पीएच सारखेच येतात.

टॉनिक वॉटरमधलं क्विनीन घेऊन करणारेपण दरवर्षी एक-दोन असतात. आम्ल घातलं की निळी चमक वाढायला हवी, आणि हायड्रोक्लोरिक घातलं की उलट कमी होते. क्लोराइड क्विनीनची चमक मारतं, पीएचचा काही संबंध नाही. टॉनिक वॉटरमध्ये नुसतं मीठ टाकून यूव्ही टॉर्च धरा, तसंच विझतं. सल्फ्युरिक वापरा. स्टोक्सनं १८५२ मध्ये ज्या द्रावणांवर काम करून फ्लुरोसन्स हे नाव रूढ केलं त्यात क्विनीन होतंच, त्यामुळं प्रयोगाला मान आहे, पण वर सांगितलेला मीठ घालायचा उपाय याला चालणार नाही हे लक्षात ठेवा.

हळदीचं तर विचारूच नका. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून प्रत्येक बॅचमध्ये एक ग्रुप "हळदीचा फ्लुरोसंट पीएच सेन्सर" घेऊन येतो, आणि विषय आपल्या मातीतला म्हणून गाईडपण खूश. अल्कोहोलमध्ये कर्क्युमिन (हळदीतला पिवळा रंग) मस्त चमकतं हे खरं. पाण्यात ते विरघळतही नाही आणि चमकतही नाही नीट, साडेसातच्या खाली रंग बदलत नाही, आणि अल्कधर्मी पाण्यात लाल होतं ते बघता बघता तुटायला लागतं, मग रीडिंग घसरतंय की पीएच घसरतोय हे कुणालाच सांगता येत नाही. रंग बदलणारी पट्टी म्हणून करा, फ्लुरोसन्स नको.

शेतातले प्रश्नपण येतात. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना फवारणीच्या पाण्याचा पीएच हवा असतो, औषध टाकायच्या आधीच्या नुसत्या पाण्याला हा डबा चालतो, पण मिठाचं वर लिहिलंय ते करून. बोर्डो मिश्रणात नाही चालत, ते गढूळ, निळं आणि वर मोरचुदातलं तांबं चमक खाणारं. बेदाण्याच्या डिपिंगच्या द्रावणात पोटॅशियम कार्बोनेट असतं, त्याचा पीएच या दोन्ही डायच्या कुठल्या कुठं वर. उसाचा रस पाचाच्या आसपास आणि वरून रंगीत, तोपण सोडून द्या. या तिन्हीला साधी पट्टी किंवा मीटर.

विचारायचं असेल तर डायचं पूर्ण नाव, दोन्ही एलईडीची वेव्हलेंग्थ, लिटरला किती मिलिग्रॅम टाकलं, नमुन्याची कंडक्टिव्हिटी आणि ढवळल्यावर रीडिंग वर आलं का, एवढं सोबत लिहा. नुसता डब्याचा फोटो पाठवून "सर येत नाहीये" म्हटलं तर मलाही काही कळत नाही.